घाट, गरम जीप आणि पाच व्होल्टची अक्कल

कन्नडच्या घाटात, मे महिन्याच्या भर दुपारी, आमच्या जीपनं वाफ सोडली. चाळीसगावहून निघालो तेव्हा टेंपरेचरचा काटा मधोमध होता. वाफ निघाली तेव्हाही तो मधोमधच होता. किती वर्षांपासून तो असा बसून आहे हे आप्पांनाही सांगता येईना. गाडी कडेला घेतली, बोनेट वर केलं आणि सावली शोधत तासभर उभे राहिलो. गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, एवढं शहाणपण दोघांकडेही होतं. त्यापलीकडे काही नव्हतं.

जीप जुनी, डिझेलची. कॉम्प्युटर नावाची वस्तू तिच्यात कुठेच नाही, आणि हे पुढे फार उपयोगी पडलं. काट्याचं मीटर काही जुळणारं मिळेना, तेव्हा ठरवलं की आपणच एक डबी बनवू. तिनं इंजिनचं तापमान आणि बॅटरीचा व्होल्टेज दाखवायचा आणि काही बिनसलं की बझर वाजवायचा. मी कॉमर्सचा माणूस, खतं-बियाण्यांच्या दुकानाची खाती लिहितो. मायक्रोकंट्रोलर हा शब्द तोवर नुसता ऐकून माहीत होता. पुढच्या सहा-सात महिन्यांत जे कळलं ते माझ्यासारख्याच माणसाला कळेल असं सांगतो.

मायक्रोकंट्रोलर म्हणजे एकाच चिपमध्ये बसवलेला चिमुकला संगणक. हिशेब करणारा भाग, प्रोग्राम साठवायची जागा, तात्पुरत्या आकड्यांची जागा आणि बाहेरच्या जगाला जोडायच्या पिना, सगळं एका काळ्या तुकड्यात. अशा चिप १९७४ पासून बाजारात आहेत. १९८० साली आलेली ८०५१ तर आपल्याकडच्या पॉलिटेक्निकच्या पोरांनी वर्षानुवर्षं घोकली. वॉशिंग मशिन, इन्व्हर्टर, रिक्षाचं डिजिटल मीटर, सगळीकडे कुठली ना कुठली अशी चिप बसलेली असते. माझ्यासारख्यांसाठी हे दार उघडलं ते २००५ साली, इटलीतल्या इव्रेया गावात सुरू झालेल्या आर्डुइनोनं. नाव तिथल्या एका बारचं आहे. चिप, तिला लागणारे बारीकसारीक भाग आणि यूएसबीचं तोंड हे सगळं एका पट्टीवर लावून मिळतं आणि प्रोग्राम आपल्या लॅपटॉपवरून आत ढकलता येतो.

मी घेतलेल्या छोट्या बोर्डावर एटीमेगा ३२८पी नावाची चिप आहे. तिच्यात प्रोग्रामसाठी ३२ किलोबाइट जागा आणि चालू हिशेबासाठी फक्त २ किलोबाइट. कल्पना यावी म्हणून सांगतो: देवनागरीतलं एकेक अक्षर, एकेक काना-मात्रा संगणकात सहसा तीन बाइट खाते. म्हणजे तुम्ही वाचताय तो हा लेखसुद्धा त्या चिपमध्ये मावणार नाही. पण जीपचं तापमान बघायला तेवढी जागा पुरून उरते.

लॅपटॉपपेक्षा मोठा फरक असा की यात विंडोज नाही, अँड्रॉइड नाही, काहीच नाही. करंट मिळाला की चिप तुमचा एकच प्रोग्राम सुरू करते आणि करंट जाईपर्यंत तोच चालवते. प्रोग्रामचे दोन भाग. 'सेटअप' एकदाच चालतो: कुठल्या पिनेवर काय जोडलंय ते तिथे सांगायचं. त्यानंतर 'लूप', म्हणजे फेरी. केळीच्या बागेचा राखणदार रात्रभर जशा फेऱ्या मारतो तसं. मोटार बघितली, कुंपण बघितलं, फाटक बघितलं, पुन्हा मोटार. चिपच्या अशा फेऱ्या सेकंदाला हजारोंनी होतात.

जळगावच्या गोलाणी मार्केटमधून बोर्ड, ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता तारा खोचून जोडायची पट्टी), रेझिस्टर (करंटला अडवणारे छोटे भाग) आणि बझर घेऊन आलो. पहिला दिवस एका वायरीनं खाल्ला. बोर्डावरचा दिवा लागतो, पण लॅपटॉपला बोर्ड दिसतच नाही. मी ड्रायव्हर बदलले, लॅपटॉप बदलला, देव बदलायचा बाकी ठेवला. वायर फक्त चार्जिंगची होती, आत डेटाच्या तारा नव्हत्याच. तुमचा पहिला दिवस वाया जाऊ नये म्हणून हे आधी सांगितलं.

व्होल्टेजचा आकडा कसा होतो

मायक्रोकंट्रोलरला 'बॅटरी' म्हणजे काय ते ठाऊक नाही, 'गरम' म्हणजे काय तेही नाही. त्याला एवढंच कळतं की अमुक पिनेवर अमुक व्होल्ट आहेत. काही पिना फक्त हो किंवा नाही ओळखतात. काही ॲनालॉग पिना ० ते ५ व्होल्टमधला व्होल्टेज मोजतात आणि त्याचा ० ते १०२३ असा आकडा करतात. म्हणजे पाच व्होल्टची पट्टी १०२४ भागांत कापलेली, एकेक भाग जेमतेम ५ मिलिव्होल्टचा.

पण गाडीची बॅटरी १२ व्होल्टची, ती थेट पिनेला लावली तर चिप मेली. म्हणून व्होल्टेजची वाटणी करायची. दहा हजार ओहमचे चार रेझिस्टर रांगेत जोडले. वरच्या टोकाला बॅटरीची पॉझिटिव्ह, खालच्या टोकाला अर्थ, म्हणजे निगेटिव्ह. सगळ्यात खालच्या रेझिस्टरवर बरोबर चौथा हिस्सा येतो. चांगली भरलेली बॅटरी इंजिन बंद असताना १२.६ व्होल्ट दाखवते, म्हणजे पिनेवर ३.१५. इंजिन चालू होऊन डायनामो चार्जिंग करू लागला की १४ ते १४.४, म्हणजे पिनेवर साडेतीनच्या आसपास. (अल्टरनेटर म्हणा, आमच्याकडे गॅरेजवर त्याला डायनामोच म्हणतात.) एकाच किमतीचे चार रेझिस्टर घेतले की हिशेबही तोंडी होतो.

एक गोष्ट विसरायची नाही. गाडीचा अर्थ आणि बोर्डाचा अर्थ एकाच ठिकाणी जोडलेला हवा. अर्थ नसेल तर आकड्याला काही अर्थ नाही. हा विनोद नाही, दोन संध्याकाळी घालवून हे वाक्य कमावलंय.

आता आकड्यावरून व्होल्टेज काढायचा. ३.१५ व्होल्टला चिप ६४५ च्या आसपास आकडा देते. सूत्र सरळ आहे: ६४५ भागिले १०२४, गुणिले ५, गुणिले ४. कॅल्क्युलेटरवर १२.६ येतात. माझ्या डबीवर शून्य आलं. बॅटरी बदलली, वायर बदलल्या, तरी शून्य ते शून्यच.

झालं होतं असं, की प्रोग्रामात मी सगळे आकडे पूर्णांक म्हणून लिहिले होते. पूर्णांकाला पूर्णांकानं भागलं की ही भाषा बाकी टाकून देते. ६४५ ला १०२४ नं भागलं की भागाकार शून्य, बाकी गेली वाऱ्यावर. पुढे शून्याला वीसनं गुणा नाहीतर वीस लाखांनी, काय फरक पडतो? त्याच घाटाच्या पायथ्याशी पाटणादेवी आहे. भास्कराचार्यांच्या नातवानं, चांगदेवानं, आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढल्याचा शिलालेख त्या परिसरात सापडलेला. तिथून हाकेच्या अंतरावर मी बाकी विसरून बसलो होतो. खाती लिहिणाऱ्यानं तर ते करूच नये. उपाय मात्र सोपा: ५ च्या जागी ५.० लिहायचं आणि ते भागाकाराच्या आधी आणायचं. दशांश चिन्ह दिसलं की चिप दशांशात हिशेब करते.

एवढं करून आकडा आला तो १३.४. इंजिन बंद, बॅटरी टेबलावर काढून ठेवलेली, आणि डबी म्हणते चार्जिंग चालू आहे!

हा दोष जास्त शिकवून गेला. चिप ० ते ५ व्होल्ट मोजते असं मी वर लिहिलं ते अर्धसत्य आहे. ती मोजते तिला स्वतःला मिळणाऱ्या व्होल्टेजच्या तुलनेत. तो पाच आहे हे तिला मी सांगितलेलं, तिनं बघितलेलं नाही. लॅपटॉपच्या यूएसबीतून त्या दिवशी ४.७ च येत होते. गजच आखूड असेल तर कापड जास्त भरतं, तसं झालं. चिपमध्ये सुमारे १.१ व्होल्टचा स्वतःचा असा एक गज असतो. तो चिपगणिक थोडा कमी-जास्त असतो, पण एका चिपपुरता फारसा हलत नाही. मग मी वाटणी बदलली, वर १५ हजार ओहम, खाली १ हजार, म्हणजे सोळावा हिस्सा. मल्टिमीटरशी, म्हणजे व्होल्टेज मोजायच्या मीटरशी, एकदा ताळा करून प्रोग्रामात तो आकडा पक्का केला. तेव्हापासून डबी आणि मल्टिमीटर यांच्यात भांडण नाही.

८५ अंश, डिसेंबरच्या पहाटे

तापमानासाठी डीएस१८बी२० नावाचा सेन्सर घेतला. स्टीलच्या टोपीत बंद असतो, उणे ५५ ते १२५ अंशांपर्यंत मोजतो, आणि व्होल्टेज नाही तर थेट आकडा पाठवतो. त्याच्या डेटाच्या तारेवर ४.७ हजार ओहमचा एक रेझिस्टर पाच व्होल्टला ओढून बांधायचा, की झालं. दुकानात थर्मिस्टरही मिळतो आणि तो स्वस्त आहे, पण त्याचा रोध तापमानाबरोबर सरळ रेषेत बदलत नाही, मग सूत्रांशी झटापट आली. मला ती नको होती.

इंजिनच्या आत जिथे थर्मोस्टॅट असतो, त्या धातूच्या घराला बाहेरून सेन्सर पट्टीनं घट्ट आवळला. बाहेरून मोजलं तर आतल्या पाण्यापेक्षा काही अंश कमी दिसतं, ते धरून चालायचं. रबरी होजवर बांधायचा सल्लाही मिळाला होता. तो मी मानला नाही. पाणीच गळून गेलं तर होज थंड पडतो आणि सेन्सर निवांत कमी आकडा दाखवत राहतो, तिकडे इंजिन भाजून निघतं. धातू निदान खोटं बोलत नाही.

या सेन्सरला तापमान मोजायला पूर्ण बारकाव्यानं पाऊण सेकंद लागतो. म्हणून काम दोन टप्प्यांत चालतं. आधी 'मोज' म्हणायचं, पाऊण सेकंदानं 'काय आलं?' विचारायचं. राखणदारानं पाऊण सेकंद एकाच खांबाजवळ उभं राहणं मला पटेना, म्हणून प्रोग्राम असा लिहिला की 'मोज' म्हणून पुढे जायचं आणि नंतरच्या एखाद्या फेरीत उत्तर घ्यायचं.

मग डिसेंबर आला. आपल्याकडे मे कसा असतो ते सगळ्यांना माहीत, पण डिसेंबरच्या पहाटे हात खिशातून काढवत नाहीत. रात्रभर उघड्यावर उभ्या जीपला सेल्फ मारला आणि पडद्यावर तापमान आलं ८५. क्षणभरानं १२. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

८५ हा त्या सेन्सरचा जन्माचा आकडा आहे. करंट मिळाल्यावर पहिलं मोजमाप पूर्ण होईपर्यंत त्याच्या वहीत ८५ लिहिलेलं असतं. घाईनं विचारलं तर तो तेच वाचून दाखवतो. बंगल्याच्या गच्चीवर हा सेन्सर लावला असता तर ८५ बघून कुणीही म्हणालं असतं, काहीतरी चुकलंय. पण चालत्या इंजिनचं तापमान साधारण ८० ते ९५ च्या मध्येच असतं! चूक नेमकी खऱ्या उत्तराचा सदरा घालून आली होती. पहिला आकडा फेकून द्यायचा, एवढाच इलाज.

याच सेन्सरचा दुसरा ठरावीक आकडा उणे १२७. वायर तुटली किंवा सुटली तर त्याची नेहमीची लायब्ररी हा आकडा देते. लायब्ररी म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला तयार प्रोग्राम. आता माझ्या प्रोग्रामातलं मुख्य वाक्य बघा: तापमान १०० पेक्षा जास्त झालं तर बझर वाजव. वायर तुटली, आकडा उणे १२७ झाला. उणे १२७ काही १०० पेक्षा जास्त नाही. बझर गप्प. जुना काटा मधोमध बसून होता आणि माझी डबी गप्प बसून राहणार होती. फरक काय राहिला?

हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. आप्पांच्या आलं. त्यांना प्रोग्राममधलं ओ की ठो कळत नाही. बाजूला बसून चहा पीत म्हणाले, "चावी फिरवली की तेलाचा लाल दिवा लागतो, इंजिन चालू झालं की विझतो. तो मुद्दाम लावतात, दिवा जिवंत आहे हे कळायला. तुझा बझर मेला तर मला कसं कळेल?"

प्रोग्राम मग जवळजवळ नव्यानं लिहिला. चावी फिरवली की बझर एकदा वाजतो: मी आहे. एक हिरवा दिवा सेकंदाला लुकलुकतो: फेऱ्या चालू आहेत. तापमानाचा आकडा उणे २० च्या खाली किंवा १२० च्या वर आला, तर त्याला तापमान मानायचंच नाही, पडद्यावर 'सेन्सर नाही' लिहायचं आणि तीन छोट्या शिट्ट्या द्यायच्या. इंजिन दहा मिनिटं चालूनही आकडा ४० च्या पुढे गेला नाही, तरी त्याच तीन शिट्ट्या, कारण सेन्सर पट्टीतून निसटून नुसता लोंबकळत असू शकतो. प्रोग्रामातला अर्ध्याहून जास्त भाग आता तापमान मोजण्यासाठी नाही, मोजलेल्यावर संशय घेण्यासाठी आहे. बझर कधी वाजवायचा हे ठरवायला एक ओळ लागते. गप्प कधी राहायचं हे ठरवायला सगळा जीव लागतो.

बझरबाबत आणखी एक बारीक गोष्ट. १०० ला चालू आणि १०० च्या खाली बंद ठेवलं तर ९९.९ आणि १००.१ च्या मध्ये तो किरकिऱ्या पोरासारखा वागतो. घरच्या पाण्याच्या टाकीचा फ्लोट आठवा: टाकी बरीच खाली गेली की मोटार चालू, पूर्ण भरली की बंद, मधे काही नाही. तसंच इथे. १०० ला वाजायला लागेल, ९५ ला थांबेल.

वेळेचा घोळ

नवशिक्यांच्या सगळ्या उदाहरणांत 'डिले' भेटतो. डिले १००० म्हणजे एक सेकंद थांब. थांब म्हणजे खरोखर थांब: त्या सेकंदात राखणदार झोपलेला असतो, इंजिनला आग लागली तरी उठणार नाही. म्हणून 'मिलिस' वापरायचं. बोर्ड सुरू झाल्यापासून किती मिलिसेकंद झाले ते हे सांगतं. मागच्या वेळी काम कधी केलं ते लिहून ठेवायचं, आताच्या वेळेतून वजा करायचं, सेकंद उलटला असेल तर काम करायचं, नसेल तर पुढे.

मी तसंच केलं. हिरवा दिवा छान लुकलुकला आणि अर्ध्या मिनिटानंतर एकदम मंद होऊन सलग जळायला लागला. बोर्ड पुन्हा सुरू केला की पुन्हा अर्धं मिनिट ठीक. घड्याळ लावून मोजलं, दरवेळी बत्तीस-तेहतीस सेकंद.

प्रोग्रामात आकडा ज्या जागेत ठेवतात तिला डबा म्हणू. या चिपवर 'इंट' प्रकारच्या डब्यात जास्तीत जास्त ३२,७६७ मावतात. त्यापुढे एक मिळवला की तो थेट उणे ३२,७६८ वर कोसळतो. ३२,७६७ मिलिसेकंद म्हणजे पावणेतेहतीस सेकंद! मागची वेळ मी इंटमध्ये ठेवत होतो. तो उलटला की 'मागच्या वेळेपासून' पासष्ट हजार मिलिसेकंद झालेत असं उत्तर प्रत्येक फेरीला येई. मग दिवा दर फेरीला लागे आणि विझे, इतक्या वेगानं की डोळ्याला तो अर्ध्या उजेडात सलग दिसे. मोठ्या आकड्यांचा 'अनसाइन्ड लाँग' डबा घेतला की भागतं. तोही सुमारे ४९.७ दिवसांनी भरून शून्यावर येतो, पण वजाबाकी वर सांगितली तशी केली असेल तर तेव्हाही हिशेब चुकत नाही. आणि आमची जीप ४९ दिवस सलग चालत नाही.

गाडीतली वीज

टेबलावर सगळं चालू लागलं तेव्हा मला वाटलं काम झालं. आमच्या गावच्या ऑटो इलेक्ट्रिशियननं डबी उलटसुलट करून बघितली आणि म्हणाला, "पहिले वायर देख, मंग प्रोग्रामले नावं ठेव." अहिराणीत सांगितलं की कुठलीही गोष्ट जरा जास्तच खरी वाटते, पण हे होतंही खरं.

बॅटरीवर १२ व्होल्ट लिहिलेलं असतं, पण गाडीत ते स्थिर नसतात. सेल्फ मारताना व्होल्टेज नऊ-दहावर, थंडीत त्याच्याही खाली आपटतो. चार्जिंगला १४.४ पर्यंत चढतो. आणि इंजिन चालू असताना बॅटरीची क्लिप सैल होऊन सुटली, तर डायनामोचा सगळा जोर क्षणभर वायरिंगवर येतो. गाडीच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या आंतरराष्ट्रीय चाचण्यांत १२ व्होल्टच्या गाडीसाठी हा झटका ७९ ते १०१ व्होल्ट धरतात. पाच व्होल्टच्या चिपसाठी ही वीज पडल्यासारखीच गोष्ट.

पाच व्होल्ट करायला सगळे ७८०५ नावाचा तीन पायांचा रेग्युलेटर सुचवतात. तो जास्तीचा व्होल्टेज उष्णतेत जाळतो. डबी, पडदा, बझर मिळून २०० मिलिअँपिअर घेतात असं धरा. १४.४ मधून ५ गेले, ९.४ उरले. ९.४ गुणिले ०.२ म्हणजे जवळपास १.९ वॉट. ॲल्युमिनियमची पाती न लावलेला ७८०५ दर वॉटमागे सुमारे ६५ अंश तापतो, म्हणजे भोवतालच्या हवेपेक्षा १२० अंश वर. थंड हवेच्या गावात तो कदाचित तग धरेल. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात सावलीतच पंचेचाळीस असतात, आणि बंद गाडीतला डॅशबोर्ड साठीच्या पुढे जातो. साठ अधिक एकशे वीस. १२५ अंशांच्या वर काम करायला तो बनलेलाच नाही, स्वतःला बंद करून घेतो. म्हणजे डबी नेमकी तेव्हा बंद पडणार जेव्हा तिची गरज आहे. परदेशी व्हिडिओ बघून शिकताना हे ध्यानात ठेवा: तिथल्या माणसाचं गॅरेज आपल्या देवघरापेक्षा थंड असतं.

मी एलएम२५९६ चा तयार बक कन्व्हर्टर बसवला. तो व्होल्टेज जाळत नाही, तुकड्या-तुकड्यांनी घेतो, त्यामुळे हाताला कोमटच लागतो. डबीत बसवण्याआधी त्याचा स्क्रू फिरवून, मल्टिमीटर लावून पाच व्होल्ट पक्के करून घ्यायचे. दुकानातून आणला तसा जोडला तर त्यातून बाहेर किती येत असतील याचा भरवसा नाही. त्याच्या आधी उलट्या जोडणीपासून वाचवणारा एक डायोड आणि झटके गिळणारा टीव्हीएस डायोड. (मोपेडशी संबंध नाही.) आणि सगळ्यात आधी, वायर जिथून घेतली तिथेच, एक अँपिअरचा फ्यूज. फ्यूज डबीजवळ लावून उपयोग नाही. मधली वायर घासून बॉडीला टेकली तर फ्यूजला पत्ता लागायच्या आत वायर पेटते.

करंट चावीनंतरच्या वायरीतून घ्यायचा. थेट बॅटरीवरून घेतला आणि डबी ५० मिलिअँपिअर जरी खात असेल, तरी दिवसाला १.२ अँपिअर-तास गेले. महिनाभर उभी राहिलेली जीप मग ढकलूनच चालू करावी लागेल.

चिपची पीन फार तर २० मिलिअँपिअर सुखानं देते. तेवढ्यावर छोटा दिवा किंवा बझर चालतो. रेडिएटरचा पंखा, हॉर्न, हेडलाइट यांना मधे ट्रान्झिस्टर आणि रिले (छोट्या करंटनं मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) लागतो, आणि रिलेच्या कॉइलला उलटा डायोड लागतोच. आणि ब्रेक, स्टिअरिंग, एअरबॅग यांच्या वायरींना हातसुद्धा लावायचा नाही, शिकण्यासाठीही नाही. नव्या गाड्यांत तर बहुतेक भाग एकमेकांशी 'कॅन' नावाच्या दोन तारांवर बोलत असतात. ही पद्धत बॉशनं १९८६ मध्ये जगापुढे मांडली. त्या तारांवर कुणीतरी भलतंच बोलायला लागलं तर बाकीच्यांचं बोलणं बंद पडू शकतं. शिकायचं तर आमच्या जीपसारखी अडाणी गाडी बरी.

डबी बसवली. ब्रेडबोर्ड गाडीत टिकत नाही, पहिल्याच खड्ड्यात तारा निघतात. म्हणून सगळं सोल्डर करून घेतलं. सेन्सरची वायर मात्र मी सायलेन्सरच्या पाइपाजवळून नेली. स्टीलची टोपी १२५ अंश सोसते म्हणून तिची वायरही सोसेल असं नसतं, ते प्लास्टिक मऊ पडतं. चौथ्या दिवशी धुळ्याच्या रस्त्यावर तीन शिट्ट्या वाजल्या. आप्पांनी गाडी बाजूला घेतली, बोनेट उघडलं आणि वितळलेली वायर मला दाखवली. काही बोलले नाहीत. आता ती काचतंतूच्या नळीत घालून दुसऱ्या बाजूनं नेली आहे.

फेब्रुवारीच्या शेवटी पुन्हा कन्नडचा घाट चढलो. सपाटीवर तापमान ८८. घाटाच्या मध्यावर ९६, मग ९९, मग बझर. आणि त्या सगळ्या वेळात व्होल्टेज १४.१ वर ठाम. इथे दोन आकडे एकत्र वाचायचे असतात. आमच्या जीपमध्ये एकच पट्टा डायनामोही फिरवतो, पाण्याचा पंपही आणि पंखाही. पट्टा घसरला किंवा तुटला असता तर तापमान चढताना व्होल्टेजही साडेबाराच्या खाली आला असता. तो आला नाही, म्हणजे पट्टा ठीक, पंप फिरतोय, पंखा फिरतोय. सपाटीला त्रास नाही, फक्त चढाला आहे. म्हणजे उष्णता तयार होतेय तेवढी बाहेर पडत नाही.

घरी आल्यावर रेडिएटर उतरवून धुवायला दिला. जाळ्यांत किती वर्षांची माती आणि ज्वारीचा भुसा अडकलेला होता. परवा पुन्हा घाट चढलो तेव्हा आकडा ९१ च्या पुढे गेला नाही.

आप्पा म्हणाले, "म्हणजे नुसता रेडिएटर धुतला असता तरी चाललं असतं."